घोड्यावरची राणी आणि काठावरची अक्षरे

१/
२ जून १९५३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राणी दुसरी एलिझाबेथ हिचा राज्याभिषेक झाला. त्यानिमित्त ब्रिटनच्या शाही टांकसाळीने पाच शिलिंगांचे एक मोठे नाणे काढले. या मूल्याच्या नाण्याला तिथे 'क्राऊन' म्हणतात. सुमारे ६० लाख नाणी पाडली गेली आणि असंख्य घरांत ती आठवण म्हणून जपली गेली. नाण्याच्या एका बाजूस घोड्यावर बसलेली तरुण राणी आहे आणि तिच्याभोवती, काठालगत, लॅटिन अक्षरांची एक ओळ आहे. चित्राकडे सर्वांचे लक्ष जाते. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. हा थ्रेड त्या ओळीविषयी आहे. भारताच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा तिच्यात आहे, आणि तो तिथे नसलेल्या दोन शब्दांच्या रूपाने आहे.

२/
आधी चित्र पाहू. शिल्पकार गिल्बर्ट लेडवर्ड यांनी राणीला ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीच्या गणवेशात दाखवले आहे. दोन्ही पाय एकाच बाजूस ठेवून ती खोगिरावर बसली आहे. घोड्याचे नाव विन्स्टन. दरवर्षी जूनमध्ये लंडनमध्ये 'ट्रूपिंग द कलर' नावाचे लष्करी संचलन होते. त्यात पलटणीचे निशाण सैनिकांसमोरून मिरवले जाते. या संचलनात राणी याच घोड्यावरून मानवंदना स्वीकारत असे. म्हणजे नाण्यावरचा प्रसंग राज्याभिषेकाचा नाहीच. तो संचलनाचा आहे. धर्मविधीपेक्षा लष्करी दिमाख नाण्यासाठी निवडला गेला.

३/
घोड्यावरचा राजा ही इंग्लंडमधली जुनी प्रतिमा आहे. विल्यम द कॉन्करर या अकराव्या शतकातल्या राजाच्या राजमुद्रेवर तो घोड्यावर आहे. लेडवर्ड यांनी १९५३ मध्ये नव्या राणीची राजमुद्राही घडवली आणि तिच्यावरही राणी अश्वारूढ आहे. नाण्यांचा इतिहास मात्र थोडा अवघड आहे. एलिझाबेथच्या आधी इंग्लंडच्या नाण्यावर घोड्यावर बसलेला शेवटचा राजा होता पहिला चार्ल्स. त्याचे संसदेशी यादवी युद्ध झाले आणि १६४९ मध्ये त्याचा जाहीर शिरच्छेद झाला. अखंड परंपरा म्हणून जे चित्र १९५३ मध्ये लोकांच्या हाती दिले गेले, त्यात ३०० वर्षांचा खंड होता.

४/
असे खंड अपवादात्मक नव्हते. ब्रिटिश राजघराण्याचा डौल अनादी काळापासून तसाच चालत आला आहे, ही समजूत इतिहासकार डेव्हिड कॅनडाइन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तपासली. त्यांच्या मते आज दिसणारा नेटका, भव्य सोहळा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. त्याआधीचे समारंभ बरेचदा विस्कळीत असत. १८३८ मध्ये व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकात अंगठी भलत्याच बोटात दाबून घातली गेली आणि मानवंदना द्यायला आलेले वृद्ध लॉर्ड रोल पायऱ्यांवरून घसरून पडले. राजाची प्रत्यक्ष सत्ता कमी होत गेली, तसतसा सोहळा अधिक शिस्तबद्ध आणि अधिक भव्य होत गेला.

५/
स्मारक क्राऊन नाणेही या नव्या परंपरेचेच अपत्य आहे. क्राऊन हे मूल्य जुने. पण केवळ एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेला पहिला ब्रिटिश क्राऊन १९३५ चा मानला जातो. पंचम जॉर्जच्या कारकिर्दीला तेव्हा २५ वर्षे झाली होती. शिल्पकार पर्सी मेटकाफ यांनी ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज इतक्या ताठ, भौमितिक रेषांत कोरला की त्या नाण्याला 'झुलत्या लाकडी घोड्याचा क्राऊन' हे टोपणनाव पडले. जागतिक मंदीतून देश अजून पुरता सावरला नव्हता. अशा वर्षी रोख्यांच्या आणि बेरोजगारीच्या बातम्यांसोबत चांदीचा एक उत्सवही लोकांच्या हाती आला.

६/
१९३५ च्या त्या नाण्यात निम्मी चांदी होती. १९५३ च्या नाण्यात चांदीचा कणही नाही. ते तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे आहे. कारण युद्ध. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेकडून चांदी उसनी घेतली होती आणि ती परत करायची होती. म्हणून १९४७ पासून चलनी नाण्यांतली चांदी काढून घेण्यात आली. राज्याभिषेकाच्या दिवशीही ब्रिटनमध्ये साखर आणि मांस शिधापत्रिकेवरच मिळत होते. मांसावरचे नियंत्रण तर जुलै १९५४ मध्ये उठले. नाण्याचे चित्र वैभव सांगते आणि नाण्याचा धातू कर्ज सांगतो. दोन्ही एकाच तबकडीवर आहेत.

७/
आता काठावरची ओळ. तिचा उच्चार साधारण असा : 'एलिझाबेथ सेकुंडा देइ ग्रातिया ब्रिट्ट. ओम्न. रेगिना फिदेइ डिफेन्सॉर'. अर्थ : दुसरी एलिझाबेथ, ईश्वरकृपेने सर्व ब्रिटनांची राणी, धर्मरक्षक. 'ब्रिट्ट.' मधला दुहेरी 'ट' छपाईचा दोष नव्हे. लॅटिन संक्षेपात शेवटचे व्यंजन दोनदा लिहिले की ते अनेकवचन होते. 'सर्व ब्रिटन' म्हणजे मायदेश आणि समुद्रापलीकडचे सारे ब्रिटिश मुलूख. 'ओम्न.' म्हणजे 'सर्व' हा शब्द सातव्या एडवर्डच्या नाण्यांवर १९०२ पासून आला. साम्राज्याचा विस्तार पदवीत दिसावा, हा त्यामागचा हेतू.

८/
महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकाला नाण्यावरच्या पदवीचे वजन समजावून सांगावे लागत नाही. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हाच्या होनावर आणि शिवराईवर चेहरा नाही. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे आहेत. ती अक्षरे हाच दावा होता. ज्याच्या नावाने नाणे पडते तो सार्वभौम, हा संकेत दक्षिणेतल्या सुलतानांना, मोगलांना आणि किनाऱ्यावरच्या इंग्रज व्यापाऱ्यांनाही नीट ठाऊक होता. म्हणूनच नाण्यावरून एखादी पदवी येते किंवा जाते तेव्हा ती केवळ सजावट बदललेली नसते.

९/
सत्ता एकाची आणि नाण्यावरचे नाव दुसऱ्याचे, असेही घडते. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल जिंकल्यानंतरही रुपये पाडले ते मोगल बादशहा शाह आलम याच्या नावाने. कलकत्त्याच्या रुपयावर त्याच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष कित्येक वर्षे तसेच गोठवून ठेवलेले होते. लोकांचा त्या नाण्यावर विश्वास होता आणि कंपनीला विश्वास हवा होता. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला, तेव्हा बादशहाचे नाव गेले आणि चौथ्या विल्यमचा चेहरा आला. प्रत्यक्ष सत्ता केव्हाच बदलली होती. नाण्याने ते उशिरा कबूल केले.

१०/
पुढचा टप्पा १८७६ चा. पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने कायदा करून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी दिली. ब्रिटनमध्ये या पदवीला मोठा विरोध झाला. 'सम्राट' हा शब्द तिथल्या अनेकांना परका आणि हुकूमशाहीचा वाटत होता. म्हणून सरकारला आश्वासन द्यावे लागले की ही पदवी ब्रिटनच्या भूमीवर वापरली जाणार नाही. परिणाम नाण्यांवर स्पष्ट दिसतो. १८७६ पर्यंतच्या हिंदुस्थानी रुपयावर 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. त्याच वर्षीच्या ब्रिटिश नाण्यावर मात्र ती राणीच आहे. एकच स्त्री, एकच राज्य, पण रयत बदलली की पदवी बदलते.

११/
१ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी दिल्लीत प्रचंड दरबार भरवून ही पदवी जाहीर केली. संस्थानिकांना निशाणे दिली गेली आणि सम्राज्ञीची प्रतिमा असलेली सोन्याची व चांदीची स्मारकपदके वाटली गेली. त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ सुरू झाला होता. सोलापूर, नगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांत माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, दरबारास गेले ते हातमागाच्या पांढऱ्या खादीच्या वेशात. रेशीम आणि जडजवाहिरांच्या त्या गर्दीत हा वेश म्हणजेच एक निवेदन होते. राणीच्या ब्रिटिश प्रजेला जे राजकीय स्थान आहे ते हिंदी प्रजेलाही मिळावे, ही त्यांची मागणी होती.

१२/
ब्रिटनमध्ये न वापरण्याचे ते आश्वासन फार टिकले नाही. १८९३ मध्ये व्हिक्टोरियाची नवी नाणी आली. शिल्पकार टॉमस ब्रॉक यांनी घडवलेला तो वृद्ध, पदराआडचा चेहरा आज सर्वांच्या परिचयाचा आहे. या नाण्यांच्या काठावर प्रथमच दोन छोटे संक्षेप आले : 'इंड. इम्प.', म्हणजे 'इंडिए इम्पेरात्रिक्स', हिंदुस्थानची सम्राज्ञी. सोळा-सतरा वर्षांत विरोध ओसरला होता. साम्राज्य ही आता संकोचाची बाब उरली नव्हती, अभिमानाची झाली होती. यानंतर ५५ वर्षे लंडनमधल्या पावापासून ट्रामच्या तिकिटापर्यंत जे काही विकत घेतले गेले, त्यासाठी मोजलेल्या पेनी-शिलिंगांवर हिंदुस्थानचे नाव होते.

१३/
सोहळ्याचे चिन्ह लोक कसे वाचतील, हे टांकसाळीच्या हाती नसते. १९११ हे पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे आणि त्याच्या दिल्ली दरबाराचे वर्ष. त्या वर्षीच्या हिंदुस्थानी रुपयावर राजाच्या गळ्यात शाही सन्मानमाळ होती आणि तिच्यात एक छोटा हत्ती कोरलेला होता. हत्ती इतका आखूड सोंडेचा झाला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुस्लिमांच्या भावना दुखावल्या, नाण्याला विरोध झाला, सरकारने ती नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दाखवली. संग्राहक आजही त्याला 'पिग रुपी' म्हणतात. हत्ती हे हिंदुस्थानचा गौरव म्हणून निवडलेले प्रतीक होते. पण बाजारात ते नाणे ज्यांच्या हाती पडले, त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

१४/
१९३७ मध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. मोठा भाऊ आठवा एडवर्ड याने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली होती, आणि राज्याभिषेकाची १२ मे ही तारीख मुळात त्याच्यासाठी ठरलेली होती. तारीख तीच राहिली, राजा बदलला. या प्रसंगाच्या क्राऊन नाण्यावर सिंह आणि एकशिंगी घोडा यांनी धरलेले राजचिन्ह आहे, आणि 'इंड. इम्प.' ही अक्षरे आहेत. राज्याभिषेकाचे स्मारक असलेल्या ब्रिटिश क्राऊनवर ती पुन्हा कधीच दिसणार नव्हती. एडवर्डच्या गादीत्यागाचा धक्का नाण्यात कुठेही दिसत नाही; उलट सारे काही ठरल्याप्रमाणे चालू आहे, असे ते नाणे सांगते.

१५/
मग १९४७. ब्रिटिश संसदेने मंजूर केलेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यात फाळणी, सीमा, संविधानसभा यांची कलमे सर्वांना माहीत असतात. त्यातल्या सातव्या कलमाचा एक भाग मात्र थेट राजाच्या पदवीविषयी आहे : 'इंडिए इम्पेरातॉर' आणि 'हिंदुस्थानचा सम्राट' हे शब्द वगळण्यास संसदेने संमती दिली. प्रत्यक्ष घोषणा २२ जून १९४८ रोजी झाली. त्यामुळे १९४८ सालच्या ब्रिटिश पेनीवर स्वतंत्र भारताचा सम्राट अजून आहे आणि १९४९ च्या पेनीवर नाही. दोन पेनी शेजारी ठेवल्या तर एका साम्राज्याचा अंत सहा अक्षरांच्या रिकाम्या जागेत दिसतो.

१६/
भारतातही नाण्यांनी वेळ घेतला. १९४७ सालच्या रुपयावर वाघ आहे आणि दुसऱ्या बाजूस 'जॉर्ज सहावा, राजा-सम्राट'. स्वातंत्र्यानंतर अशी जुनी नाणी चालूच राहिली, कारण देशाचे चलन एका रात्रीत बदलता येत नाही. प्रजासत्ताकाची स्वतःची नाणी १५ ऑगस्ट १९५० पासून आली आणि त्यांच्यावर राजाच्या जागी सारनाथचा सिंहस्तंभ होता. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ज्यांनी तिरंगा पाहिला, त्यांच्या खिशात दुसऱ्या दिवशीही सम्राटाचाच चेहरा होता. इतिहासातली स्थित्यंतरे बहुधा अशीच येतात. घोषणा एका क्षणी होते आणि खिशापर्यंत पोचायला वर्षे लागतात.

१७/
नाण्यावरून पदवी इतक्या लवकर जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यासाठी फ्रान्सचे उदाहरण पाहावे. इंग्लंडच्या राजांनी १३४० पासून स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवले. फ्रान्सच्या भूमीवरचे त्यांचे शेवटचे ठाणे कॅले १५५८ मध्ये गेले. तरीही 'फ्रान्सचा राजा' ही पदवी आणि फ्रान्सची कमळासारखी फुले इंग्लिश नाण्यांवर १८०१ पर्यंत राहिली. मुलूख हातचा गेल्यावर जवळजवळ २४३ वर्षे! मधल्या काळात अनेक राजे आले-गेले. ओळ तशीच कोरली जात राहिली. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९७ च्या वाटाघाटींत ही पदवी सोडण्याची मागणी केली, त्यानंतर काही वर्षांनी ती गेली.

१८/
फ्रान्ससाठी २४३ वर्षे, भारतासाठी दोन वर्षेही पुरती नाहीत. हा फरक टांकसाळीच्या तत्परतेचा नाही. फ्रान्सच्या पदवीने फ्रान्समधल्या कोणाचेही रोजचे जगणे बदलत नव्हते. तो पोकळ दावा होता आणि पोकळ दावे दीर्घायुषी असतात. हिंदुस्थानच्या पदवीमागे खरे राज्य होते, खरे कर होते, खरे तुरुंग होते, आणि तिच्याविरुद्ध उभी राहिलेली खरी चळवळही होती. म्हणूनच ती पदवी कोणाच्या विस्मृतीत विरून गेली नाही. ती कायद्याच्या कलमात नाव घेऊन काढावी लागली. १८७६ मध्ये ती देताना हिंदी लोकांना कोणी विचारले नव्हते. ती जाताना मात्र त्यांच्याशी बोलणी करावी लागली.

१९/
आता १९५३ च्या नाण्याकडे परत येऊ. वडिलांच्या राज्याभिषेकाच्या नाण्यावर असलेली 'इंड. इम्प.' ही अक्षरे मुलीच्या नाण्यावर नाहीत. पण त्या ओळीत आणखी एक पेच आहे. भारत १९५० मध्ये प्रजासत्ताक झाला आणि तरीही राष्ट्रकुलात राहिला. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने राजाला 'राष्ट्रकुलाचा प्रमुख' मानून त्यासाठी वाट काढली होती. कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांनाही आता आपापली स्वतंत्र राणी हवी होती. डिसेंबर १९५२ मध्ये राष्ट्रकुलाच्या बैठकीत ठरले की प्रत्येक देशाने राणीची पदवी आपापली ठरवावी. ब्रिटनने १९५३ मध्ये, राज्याभिषेकाच्या आधीच, तसा कायदा केला.

२०/
म्हणजे 'सर्व ब्रिटनांची राणी' ही ओळ नाणे लोकांच्या हाती पडले तेव्हाच जुनी झाली होती. १९५४ च्या ब्रिटिश नाण्यांवरून 'ब्रिट्ट. ओम्न.' हे शब्द गेले. एलिझाबेथच्या नाण्यांवर ते फक्त १९५३ या एकाच वर्षी दिसतात. राज्याभिषेकाचा क्राऊन एका युगाचा आरंभ म्हणून काढला गेला. त्याचा मुद्रालेख मात्र मागच्या युगाचा शेवटचा कागद आहे. त्या दिवशी ॲबीतल्या पाहुण्यांत जवाहरलाल नेहरू होते. ज्यांना ब्रिटिश सरकारने वारंवार तुरुंगात टाकले, ते आता एका प्रजासत्ताकाचे पंतप्रधान म्हणून, राणीची प्रजा नसलेले पाहुणे म्हणून, तिथे बसले होते. ओळीतली रिकामी जागा आणि ती खुर्ची, दोन्ही एकच गोष्ट सांगत होत्या.

२१/
यानंतर दोन क्राऊन एकापाठोपाठ वाचण्यासारखे आहेत. १९६५ मध्ये ब्रिटनने विन्स्टन चर्चिल यांच्या स्मरणार्थ क्राऊन काढला. सत्तेवर असलेला क्रॉमवेल सोडला, तर राजघराण्याबाहेरच्या व्यक्तीचा चेहरा ब्रिटिश नाण्यावर येण्याची ही पहिली वेळ होती. १९७७ मध्ये राणीच्या कारकिर्दीच्या २५ वर्षांनिमित्त पुन्हा क्राऊन आला. त्याची जवळजवळ ३ कोटी ७० लाख नाणी पाडली गेली. शिल्पकार आर्नल्ड मॅशिन यांनी राणीला पुन्हा घोड्यावर बसवले. आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मोठे कर्ज घ्यावे लागले होते. या नाण्याचा मुद्रालेख केवळ 'एलिझाबेथ II दे. ग्र. रेग. फि. डि.' एवढाच. ब्रिटनचे नावसुद्धा त्यात नाही.

२२/
घोडा मात्र टिकला. १९८६ नंतर राणी संचलनात घोड्यावरून आली नाही. पुढच्या वर्षापासून ती बग्गीतून येऊ लागली. पण २००२ च्या सुवर्णमहोत्सवी नाण्यावर ती घोड्यावर आहे आणि २०२२ मध्ये, ९६ व्या वर्षी, गादीच्या ७० वर्षांच्या नाण्यावरही घोड्यावरच आहे. ओळ आखूड होत गेली आणि चित्र होते तसेच राहिले. याला खोटेपणा म्हणणे घाईचे ठरेल. लोकांना काही गोष्टी न बदलणाऱ्या हव्या असतात, आणि सोहळा ती गरज भागवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या गरजेची नोंद घ्यावी. फक्त तिलाच पुरावा मानू नये.

२३/
मुद्रालेखातले 'फि. डि.', म्हणजे धर्मरक्षक, हे शब्द आजही आहेत. तिसऱ्या चार्ल्सच्या नाण्यांवरही ते आहेत. ही पदवी १५२१ मध्ये पोप दहावा लिओ याने आठव्या हेन्रीला दिली, ती ल्यूथरच्या विरोधात कॅथलिक मताची बाजू मांडल्याबद्दल. पुढे त्याच हेन्रीने पोपशी संबंध तोडले, पण पदवी ठेवली. आज ती इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या प्रमुखाच्या नाण्यावर मिरवते आहे. तिला काढा म्हणणारी पुरेशी मोठी चळवळ उभी राहिलेली नाही, म्हणून ती आहे. एका ओळीत कोणते शब्द राहिले आणि कोणते गेले, यावरून कुठे लोक उठले आणि कुठे उठले नाहीत, याचा बराच अंदाज येतो.

२४/
भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ चे आहे. त्याच वर्षी २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ एक रुपया व पन्नास पैशांची नाणी निघाली. एका बाजूस त्यांचा चेहरा, दुसऱ्या बाजूस सिंहस्तंभ. मुकुट नाही, घोडा नाही, ईश्वरकृपेचा उल्लेख नाही. ११ वर्षांपूर्वी राणीच्या राज्याभिषेकाला हजर असलेला पाहुणा आता स्वतः नाण्यावर होता, तेही लोकांनी निवडून दिलेला माणूस म्हणून. मात्र प्रजासत्ताकाच्या नाण्यालाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत. कोणाचा चेहरा निवडला गेला, कोणी निवडला, त्या वर्षी देशात काय चालले होते आणि काठावर काय लिहिले आहे.

२५/
कोणतेही स्मारक नाणे हाती आले की तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, साल : त्या वर्षी रस्त्यावरच्या माणसाची स्थिती काय होती. दुसरी, धातू : राज्याला काय परवडत होते. तिसरी, मुद्रालेख : मागच्या नाण्याच्या तुलनेत कोणता शब्द आला आणि कोणता गेला. चित्र सर्वांत शेवटी पाहावे, कारण आपण काय पाहावे हे ठरवूनच ते काढलेले असते. जुन्या बाजारात सहाव्या जॉर्जच्या पेनी आजही फार महाग नसतात. १९४८ ची एक आणि १९४९ ची एक मिळाली, तर भिंगाखाली शेजारी ठेवून पाहाव्यात. सार्वजनिक काकांच्या पिढीपासून ज्या पदवीविरुद्ध झगडा चालला, ती पहिल्या पेनीवर आहे आणि दुसरीवर नाही.

(समाप्त)